सोबतीला कुत्रा आहे

बायको गेलेल्या पुरुषाला आमच्याकडे कोणी कारण विचारत नाही. वर्षश्राद्ध व्हायच्या आत कुणीतरी मामा, कुणीतरी मेव्हणा स्थळ घेऊन ओटीवर येऊन बसतो आणि 'घरात बाईमाणूस नको का' एवढ्या एका वाक्यावर सगळं उरकतं. नवरा गेलेल्या बाईने पुन्हा लग्न करायचं म्हटलं, की तिला मात्र आधी कारण हजर करावं लागतं. वय कमी आहे, पदरात लहान मूल आहे, सासरचे बघत नाहीत, असल्या कारणांना हल्ली गावही मान डोलावतं. माझ्या आईकडे यातलं एकही नव्हतं. वय छप्पन्न, मुलं दोन, दोघंही आपापल्या संसारात, राहायला स्वतःचं घर, पोटापुरतं आगर आणि चार माणसांत मान. तरी तिला लग्न करायचं होतं. का, असं विचारल्यावर तिने जे सांगितलं, त्याने आमच्या घरातली शहाणी माणसंसुद्धा गप्प झाली. याबद्दल लिहू का, असं तिलाच विचारलं. म्हणाली, "लिही. गावाचं नाव तेवढं घालू नको. उगाच लोक बघायला येतील."

तर गाव दापोली तालुक्यातलं, हर्णै आणि केळशी यांच्या मधल्या किनाऱ्यावरचं, एवढं पुरे. समुद्र, मग सुरूचं बन, मग रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीची आगरं, आगरांत घरं आणि मागचा चढ चढून गेलं की कातळाचा सडा. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. बहुतेक वर्षं रात्रीची मुंबई गाडी त्यांच्याकडे असे. एक रात्र रस्त्यावर, दिवस मुंबईत डेपोच्या विश्रांतीगृहात, दुसरी रात्र पुन्हा रस्त्यावर आणि मग घरी. घरी आले की झोपायचे. आम्ही भावंडं लहानपणी दुपारभर कुजबुजत बोलायचो, ती सवय दादाला अजून आहे. डब्यात भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. चटणीचा वास गाडीभर होतो म्हणून कंडक्टर ओरडतो, असं बाबा सांगायचे आणि तरीही तीच मागायचे.

आईबाबांचं बरं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण आईने दुसरं लग्न केलं म्हणजे पहिलं सुखाचं नसणार, असा हिशेब लोक परस्पर मांडून मोकळे होतात. बाबा पगार आणून आईच्या हातात देत. कधी आवाज चढवला नाही. तिला दातदुखी झाली तेव्हा रजा टाकून चार दिवस स्वतः चुलीपुढे बसले होते. आई त्यांच्या मागे कधी त्यांची तक्रार करत नसे आणि समोर कधी गप्पा मारत नसे. त्यांच्या पिढीत हे असंच असायचं की यांच्यातच होतं, मला कळत नाही. २०१६च्या मार्चमध्ये, रजेवर घरी असताना, पहाटे छातीत कळ आली आणि दापोली गाठायच्या आत ते गेले. पंचावन्न वर्षांचे होते.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. बायका आल्या, आईला आतल्या खोलीत नेलं. बांगड्या फोडायला कुणी पुढे व्हायच्या आधीच तिने त्या मनगटावरून एकेक उतरवून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "ठेव, चांगल्या आहेत." कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२च्या मे महिन्यात विधवांच्या या असल्या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि पाठोपाठ सरकारनेही परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. चांगलंच झालं. पण लग्नघरी हळद लावायची वेळ आली की 'तू जरा तिकडे भाजी बघतेस का', असं हळूच सांगतात, त्याला कुठलं परिपत्रक पुरणार? आई भाजी बघायची. तिची भाजी चांगली होते, हा गावात तिच्यावरचा उपकार.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. ते श्रीवर्धनकडे धडकलं, पण दापोली-मंडणगडच्या किनाऱ्याचीही त्याने धूळधाण केली. त्या दिवसांत टाळेबंदी होती, जिल्हा ओलांडायला पास लागायचा, मी पुण्यात आणि दादा नालासोपाऱ्यात. दुपारनंतर गावातला एकही फोन लागेना. विजेचे खांब आडवे, टॉवर बंद, रस्त्यांवर झाडं. दोन रात्री आम्ही बातम्यांत आपल्या गावाचं नाव शोधत काढल्या. मग एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "पुण्याच्या ताई का? तुमच्या आई बऱ्या आहेत. पडवीची कौलं गेली. आगर गेलं. गुरं ठीक. काही निरोप आहे का? लवकर सांगा, अजून बऱ्याच जणांना लावायचेत."

हे ते, आईने पुढे ज्यांच्याशी लग्न केलं. शेजारच्या गावात त्यांची रोपवाटिका होती, तीही वादळात गेली होती. सड्याच्या एका टोकाला कुठलातरी लांबचा टॉवर पकडतो, हे त्यांना ठाऊक होतं. दोन-तीन गावं फिरून त्यांनी म्हाताऱ्या माणसांकडून मुलांचे नंबर एका वहीत लिहून घेतले आणि कातळावर बसून, फोनची बॅटरी संपेपर्यंत, मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना एकेक फोन लावला. आईच्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं: 'रडत नाही. चहा दिला.' ती वही मी नंतर पाहिली.

आगर म्हणजे वीस गुंठे. त्यातल्या पोफळी जवळजवळ सगळ्या मोडल्या होत्या, माडही निम्मे झोपले होते. पोफळ मुळासकट पडत नाही, मधोमध मोडते. मग उभं राहिलेलं खोड नुसतं बघत बसायचं. सरकारने फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. हेक्टर म्हणजे शंभर गुंठे. वीस गुंठ्यांवर किती येतात, ते ज्याचं त्याने बघावं. दादा म्हणाला, आता कशाला पुन्हा लावतेस, जमीन ठेवू तशीच, पुढे बघू. त्याचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. सुपारीचं रोप लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, माडाची साधी बाणवली जात असेल तर तेवढीच. आई चोपन्न वर्षांची. पण ती रोपं आणायला शेजारच्या गावी चालत गेली.

पुढची दोन वर्षं आईच्या फोनवर एकच विषय असायचा: त्या माणसाला काही कळत नाही. तो म्हणतो, पोफळींत नऊ फूट अंतर सोडा. "नऊ फूट! माझ्या सासऱ्यांनी पाच फुटांवर लावलेल्या. नऊ फुटांत माझी निम्मी झाडं जातील." तो म्हणतो, आधी केळी लावा, कोवळ्या पोफळीला सावली लागते, नैर्ऋत्येचं ऊन खोडाला भाजतं. "मला शिकवतो. मी याच आगरात म्हातारी झाले." तो म्हणतो, मध्ये जायफळ घाला, माडावर मिरी चढवा, विद्यापीठवाले सांगतात तशी लाखी बाग होईल. आणि मग एकदा, खूप हसत: "जायफळात नर-मादी झाडं वेगळी असतात, माहीत आहे तुला? तो म्हणाला, दहा माद्यांना एक नर पुरतो. मी म्हटलं, जायफळाला पुरत असेल."

आई असलं काही बोलू शकते, हे मला ठाऊक नव्हतं. बाबांच्या वेळी ती असं बोलली असती का? बाबा ऐकायला जागे असते का, हाही प्रश्नच.

शेवटी साडेसात फुटांवर तडजोड झाली, केळी लागल्या आणि जायफळाची कलमं आली. कलमांत नर की मादी याची भानगड राहत नाही, म्हणून तो विनोद मागे पडला. ते दर दोन-तीन दिवसांनी बघायला येऊ लागले. त्यांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी आजारपणात गेलेली, एक मुलगी, ती चिपळूणला दिलेली. मासे साफ करायला त्यांना आवडतं, ही आईला फार मोठी गोष्ट वाटायची. हर्णैच्या बंदरात संध्याकाळचा लिलाव सुरू झाला की स्कूटरवरून जायचं, वाटा घ्यायचा आणि आईच्या मागीलदारी दगडावर बसून सगळं साफ करून द्यायचं. सुरुवातीला वाटा आणून देऊन जायचे. मग जेवून जायला लागले. मग एक दिवस आई स्कूटरवर मागे, एका बाजूला बसून, लिलाव बघायला गेली आणि दुसऱ्या दिवशी ही बातमी नालासोपाऱ्यात पोचली. सड्यावर फोन लागत नसले तरी अशा बातम्या लागतात.

२०२२च्या दिवाळीनंतर तिने मला फोनवर सांगितलं, "मी त्यांच्याशी लग्न करायचं म्हणतेय."

मी पुण्यात राहते, नोकरी करते, चार पुस्तकं वाचलेली आहेत, त्यामुळे मला आनंदच झाला आणि तो मी रीतसर व्यक्त केला. बरं झालं आई, किती वर्षं एकटी राहणार, रात्रीबेरात्री काही झालं तर, या वयात सोबत हवीच. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "सोबतीला कुत्रा आहे. रात्री शेजारची काकू झोपायला येते. सोबत नकोय गो मला. मला तो माणूस आवडतो."

आपल्याकडे उतारवयातल्या लग्नाबद्दल जे जे बोलतात ते आठवून पाहा. आधार, सोबत, काळजी घेणारं कुणीतरी, औषध-पाणी, संध्याछाया. सगळा शब्दसंग्रह दवाखान्यातला. म्हातारपणी माणसाला माणूस लागतं हे आम्हाला कबूल आहे, पण अमुकच माणूस लागतं आणि ते दिसलं की पोटात काहीतरी होतं, हे कबूल नाही. निदान आईच्या बाबतीत तरी नाही. आईने आम्हाला ती सोयीची वाट ठेवली नाही. तिने गरज सांगितली असती तर दादानेही मोठ्या मनाने होकार दिला असता. तिने आवड सांगितली.

दादा चिडला. पण चिडण्याला पत्ता लागतो, तो त्याने सातबाराचा दिला. बाबांच्या पश्चात वारसनोंद होऊन आगरावर आम्हा तिघांची नावं लागली होती. दादाचं म्हणणं, आई उद्या दुसऱ्या घरची झाली की तिचा हिस्सा दुसऱ्या घरात जाणार. गावातल्या एका जाणत्याने त्याला सांगितलं होतं, बाई दुसरं लग्न करते तेव्हा पहिल्याच्या इस्टेटीवरचा तिचा हक्क सुटतो, काळजी करू नको. हा जाणता दीडशे वर्षं मागे होता. १८५६च्या कायद्याने हिंदू विधवेला पुन्हा लग्न करायची मुभा दिली आणि त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला, हे खरं. म्हणजे लग्न कर, पण हात हलवत जा. पण १९५६च्या वारसा कायद्याने बाईला मिळालेला हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा केला आणि तो जुना कायदा तर १९८३मध्ये रद्दच झाला. पुढे लग्न केलं म्हणून नवऱ्याकडून आलेला वाटा जात नाही.

दादाची भीती दुसऱ्या बाजूने मात्र खरी होती. बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या हिश्शाला मुलांच्या जोडीने तिचा नवराही वारस ठरतो. यावर दादाने उपाय काढला: हक्कसोडपत्र. लग्नाआधी आईने आपला हिस्सा आम्हा दोघांच्या नावे सोडून द्यायचा. मसुदा टाइप करून घेऊनच तो गावी आला. आईने तो चष्मा लावून सगळा वाचला आणि घडी करून परत दिला.

"मृत्युपत्र करते. माझ्या मागे आगर तुम्हा दोघांचं, ते लिहून देते. त्यांनाही काही नकोय, विचार त्यांना. पण मी जिवंत आहे तोवर हक्क सोडणार नाही. ती रोपं मी लावलीत."

पेन्शनचाही विषय निघाला. एसटीच्या कर्मचाऱ्यांना १९९५च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची (ईपीएस-९५) पेन्शन असते, त्याखाली आईला विधवा म्हणून दरमहा थोडे पैसे येत, आणि पुन्हा लग्न केलं की ते थांबतात. योजनेतच तसं आहे. दादाने हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "दोन हजार रुपयांसाठी जन्मभर विधवा राहू?" त्यावर तो काय बोलणार? वहिनी आत जाऊन हसली, ते मला ऐकू आलं.

आत्याला सांगायचं कुणी, हा सगळ्यात अवघड भाग होता. आत्या बाबांची मोठी बहीण, पंच्याहत्तरीची, आणि बाबा म्हणजे तिचा जीव. सांगितलं आईनेच. आत्या बराच वेळ तंबाखू मळत बसली. मग दादाकडे वळून म्हणाली, "एवढं काय आभाळ कोसळलं रे? तुझ्या पणजीचा पाट लागलेला होता, हे कुणी सांगितलं नाय तुला?"

आम्हाला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. "तवा लावायचे पाट. रातचं, दिवा लावून, चार माणसांत. वाजंत्री नाय, मांडव नाय. पण लावायचे. पोरं हाताला आली, शिकली, पैसे दिसले, मंग आपल्याला मोठ्या लोकांची लाज आली."

विधवाविवाहाचा इतिहास आम्ही शाळेत शिकलो तो कर्व्यांचा. आणि तो तर अगदी घरचा, कारण हर्णैच्या पलीकडे मुरुड आहे आणि मुरुड कर्व्यांचं. पहिली पत्नी गेल्यावर धोंडो केशव कर्व्यांनी ११ मार्च १८९३ला पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं. त्या देवरुखच्या, आठव्या वर्षी विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. दोघं मुरुडला आले तेव्हा गावाने बहिष्कार घातला. पुढे हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ, १९५८मध्ये भारतरत्न, सगळं ठाऊक असतं. पण आत्याचं बोलणं ऐकल्यावर मला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे ज्या वेळी मुरुडात एका घराला वाळीत टाकत होते, त्याच किनाऱ्यावर दुसऱ्या आळ्यांमध्ये पाट लागत होते, आणि त्याचा इतिहास कुणी लिहिला नाही. दुसरी म्हणजे त्या काळच्या सुधारकांचा सगळा युक्तिवाद करुणेवर उभा होता. आठ वर्षांची पोर, तिने काय पाहिलं, तिने का जन्म जाळावा? बिनतोड युक्तिवाद आहे. पण जिने सगळं पाहिलंय, संसार केलाय, मुलं वाढवलीत आणि तरी जिला पुन्हा कुणी आवडलंय, तिच्या बाजूने त्यात एक अक्षर नाही.

ते अक्षर लिहिलं त्याच कर्व्यांच्या थोरल्या मुलाने, रघुनाथने. पहिल्या पत्नीचा हा मुलगा. १९२१मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि शेवटपर्यंत, खटले आणि कर्ज अंगावर घेत, चालवलं. बाईलाही इच्छा असते आणि ती तिची स्वतःची असते, एवढं साधं तो म्हणत होता. वडिलांना भारतरत्न मिळालं, मुलाला दंड झाले. आमच्या शाळेत वडिलांची जयंती व्हायची, मुलाचं नाव मी फार उशिरा ऐकलं. आईने दोघांपैकी कुणालाच वाचलेलं नाही. पण ती मुलाच्या बाजूची आहे, याबद्दल मला शंका नाही.

लग्न नोंदणी पद्धतीने केलं, विशेष विवाह कायद्याखाली. त्यात तीस दिवस आधी नोटीस लागते आणि ती कार्यालयाच्या फळ्यावर डकवतात. मी म्हटलं, देवळात हार घालून घ्या, फळ्यावर कशाला? आई म्हणाली, "लावू दे. रातचं लावायचा काळ गेला." तीन साक्षीदार लागतात: मी, त्यांची चिपळूणची मुलगी आणि आत्या. आत्याने सही करायला वेळ घेतला, कारण तिला चष्म्याशिवाय रेघ दिसेना. नंतर बाहेर मिसळ खाल्ली. फेब्रुवारी २०२३. दादा आला नाही. त्याने माणसाहाती साडी पाठवली, जी वहिनीने घेतली असणार.

राहायचं कसं, यावर गावाने पुष्कळ डोकं चालवलं. आई रात्री त्यांच्या घरी असते आणि सकाळी चहा झाला की आपल्या आगरात येते. शिंपणं, खत, पडलेल्या झावळ्या उचलणं, दुपारचं जेवण जुन्या घरी. बरेचदा ते तिथे जेवायला येतात. बाबांचा फोटो जुन्या घरी भिंतीवर आहे, तिथेच आहे. लोकांना यातलं लग्न पचलं, पण बाई सासरहून रोज कामाला जाते हे पचायला वेळ लागला.

कोकणात खरी परीक्षा गणपतीत. आमच्या घरचा गणपती आई मांडायची. आता ती कुठल्या घरी असणार? त्यांच्या घरी गणपती आहेच आणि नवी सून म्हणून, सत्तावन्न वर्षांची का असेना, तिथली पूजा तिची. आमचा गणपती दादाने उघडायचा हे ठरलेलं, पण आईशिवाय ते घर? यावर आत्यानेच तोड काढली. म्हणाली, "हे घर तू आता माहेर धर. गौरी बसल्या की माहेरवाशीण म्हणून ये." ज्या घरात आई नवरी होऊन आली, त्या घराची ती माहेरवाशीण झाली. शास्त्रात बसतं की नाही, ते भटजींनी विचारलं नाही आणि आत्याने सांगितलं नाही.

माहेर आलं की ओवसा आला, म्हणजे भरलेल्या सुपाने गौरीला पुजणं. आमच्याकडे नव्या सुनेने पहिल्यांदा गौरीला ओवसायचं, तर गौरी पूर्वा नक्षत्रात याव्या लागतात. २०२३मध्ये अधिक श्रावण होता, गणपतीच १९ सप्टेंबरला आले, पूर्वा निघून गेलेलं. त्यामुळे आईचा ओवसा लांबला. ती म्हणाली, सुटले. नाही सुटली. २०२४ला योग आला आणि आत्या नवीन सुपं घेऊन दारात उभी. सुपांत पानं, फळं, खोबरं, सगळं नीट रचलेलं. ओवसा सवाष्णींचा. सात वर्षं जिला हळदीच्या वेळी भाजीकडे पाठवलं, ती अठ्ठावन्नाव्या वर्षी हिरव्या चुड्यात सूप धरून गौरीपुढे उभी होती. शेजारच्या दोन-तीन बायका त्या दिवशी 'बरं नाही' म्हणून आल्या नाहीत. बाकीच्या आल्या. एका विशीतल्या नव्या सुनेचा ओवसाही त्याच दिवशी होता. ती आईला विचारत होती, काकी, दोरा उजवीकडून गुंडाळायचा की डावीकडून? आई म्हणाली, मलाही आठवत नाही गो, पुन्हा पहिल्यापासून आलंय.

दादाचं सांगायचं राहिलं. पितृपक्षात बाबांचा म्हाळ जुन्या घरी होतो, तो दादाच करतो, आई वडे आणि खीर करते. दुसरं लग्न केलेल्या बाईने पहिल्या नवऱ्याच्या म्हाळाचे वडे तळावेत का, असं एकाने विचारलं होतं. आईने त्यालाच तेलाचा डबा उचलून द्यायला सांगितलं. त्या वर्षी काका (आईच्या नवऱ्यांना मी काका म्हणते) येणार नव्हते, दादाला अवघड होईल म्हणून. पण सकाळीच विहिरीवरचा पंप पाणी उचलेना आणि घरात वीस माणसांचा स्वयंपाक. आईने फोन केला, ते पाने-पकडी घेऊन आले. फूटव्हॉल्वमध्ये कचरा अडकला होता. दादा आणि ते, दोघं मिळून पाइप वर ओढत होते. मी पाणी न्यायला गेले तेव्हा दादा कुजबुजत म्हणत होता, "बाबा नेहमी खाली जाळी बांधायचे." आणि काका तसंच हळू आवाजात म्हणाले, "बरोबर करायचे. जाळी आहे का घरात?" जाळी माळ्यावर होती. मग पान वाढलं, कावळा आला, माणसं जेवली. काकांनी बाबांच्या म्हाळाचे वडे खाल्ले आणि आणखी दोन मागून घेतले. त्यानंतर दादा त्यांच्याशी बोलतो. 'ते' म्हणतो, काका म्हणत नाही. माझा मुलगा त्यांना आजोबा म्हणतो, त्याला काही विशेष वाटत नाही.

प्रेम म्हणजे नक्की काय, हे मी आईला विचारण्याइतकी धीट नाही. पण जे दिसतं ते सांगते. बाबांशी ती कधी भांडली नाही, यांच्याशी रोज भांडते. उधारीवर रोपं देतात म्हणून, स्कूटर जोरात चालवतात म्हणून, कालवं धुताना पाणी फार सांडतात म्हणून. आणि भांडताना तिचा आवाज चढतो, जो मी लहानपणी कधी ऐकला नव्हता, कारण घरात कुणीतरी झोपलेलं असायचं.

गेल्या आठवड्यात फोन आला तो तक्रारीचाच. पोफळी आता डोक्याच्या वर गेल्यात, केळी काढायची वेळ झाली, आणि काकांचं म्हणणं, दोन ओळींतल्या मधल्या काही पोफळी आत्ताच काढून टाकू, साडेसात फूट कमीच पडणार होतं, मी तेव्हाच सांगत होतो. आई म्हणाली, एकही काढू देणार नाही. मी म्हटलं, पण ते बरोबर सांगत असतील ना, रोपांतलं त्यांना कळतं.

"कळतं की. म्हणून तर भांडतेय," आई म्हणाली. "आणि ऐक, येताना त्यांना दोन अर्ध्या विजारी आण. गुडघ्याच्या वर असलेल्या. चिखलात मागचा काठ भिजतो त्यांचा. आणि रंग निळा आण, निळा बरा दिसतो त्यांना."